पेटला तं पाह्यजे, विझला बी पाह्यजे

इंजिन बंद, चावी दिलेली, आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसलेला एक किडकिडीत माणूस पायाने ब्रेक दाबतो आहे, सोडतो आहे. दर वेळी गाडीच्या पोटातून ‘फुस्स’ असा आवाज येतो. त्याची नजर समोरच्या एका छोट्या काचेवर आहे. काचेमागचा दिवा पेटत नाही. तो पुन्हा दाबतो. दहा वेळा, पंधरा वेळा. मग एकदम काच लाल होते आणि त्या माणसाचा चेहरा असा खुलतो, की जणू बऱ्याच दिवसांनी घरी कोणी आलं.

‘बोलली,’ तो म्हणतो.

एवढ्यावर तो उतरत नसे. इंजिन सुरू करायचा आणि दिवा विझेपर्यंत बसून राहायचा. विझला की मगच कागदावर सही. कोणी घाई केली तर एकच वाक्य ठरलेलं होतं : ‘पेटला तं पाह्यजे, अन् विझला बी पाह्यजे.’

तुम्ही-आम्ही बसमध्ये बसतो तेव्हा ड्रायव्हर दिसतो, कंडक्टर दिसतो. गाडी स्टँडवर लागण्याआधी तिच्याशी कोण काय बोललं, ते आपल्याला कळत नाही. मला कळलं, कारण मी तेव्हा अमरावतीच्या बस डेपोत कारकून होतो आणि माझं टेबल वर्कशॉपच्या खिडकीला लागून होतं. हा माणूस आमच्या डेपोचा वायरमन. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत.

चिखलदऱ्याच्या घाटासाठी तेव्हा हवेच्या ब्रेकच्या दोन-तीन गाड्या आल्या होत्या. त्यांचं काम कसं चालतं ते मिस्त्रींनी मला एकदा समजावलं होतं. गाडीच्या खाली हवेची टाकी. इंजिन चाललं की टाकीत हवा भरत जाते. ड्रायव्हरने पाय दाबला की ती हवा चाकांकडे धावते आणि ब्रेक घट्ट करते. घाट उतरताना पाय वारंवार दाबावा लागतो, हवा खर्च होते. एखादी नळी फुटली, टाकी रिकामी झाली, तर पाय कितीही दाबा, तो नुसता पाय.

‘अन् टाकी रिकामी झाली हे कळणार कसं?’ मी विचारलं.

‘काटा हाय ना. पन काटा गरीब मानूस, तो कोनाले आवाज देत नाही. म्हनून हा दिवा. हवा कमी झाली का टाकीवरचा स्विच जुळते अन् दिवा पेटते.’

‘म्हणजे दिवा पेटला नाही की सगळं ठीक.’

मिस्त्रींनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला माझी मॅट्रिक आठवली.

‘बाबू, दिव्याची तारच तुटली असंन तं? बल्बच गेला असंन तं? तवाबी तो पेटनार नाही. सारं बरं असलं तरी गप, अन् दिवा मेला तरी गप. ह्या दोन गपमधला फरक कसा सांगशीन?’

मिस्त्रींनी पाय ब्रेक दाबल्यासारखा हलवून दाखवला.

‘म्हनून तपासनीले आधी हवा काढून टाकाची. मुद्दाम बिघाड कराचा. पेटला, म्हंजे जित्ता हाय. मंग हवा भराची. विझला, म्हंजे हवा हाय.’ जरा थांबून म्हणाले, ‘आमची बायको बाळंतपनं करते. ते म्हनते, पोट्टं जनमल्यावर आधी रडलं पाह्यजे. मंग ते झोपलं तरी चालते.’

मिस्त्री पन्नाशीत होते. गळ्यात मफलर असावा तशी एक वायर असायची, तिच्या टोकाला होल्डर आणि बल्ब. तपासणीचं तेवढंच हत्यार. धर्मांतराला चार-पाच वर्षं झाली होती. ते नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले होते. डेपोत लिंबाच्या झाडाखाली पाण्याचा माठ होता, मिस्त्री तिकडे जात नसत. घरून काचेच्या बाटलीत पाणी आणत. कोणी त्यांना मनाई केली नव्हती. या, असंही कोणी म्हटलं नव्हतं. त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान क्लीनरसुद्धा त्यांना ‘ए मिस्त्री’ म्हणे. अहो म्हणणारे एकटे डेपो मॅनेजर, पुण्याकडचे होते ते. मिस्त्रींना सस्पेंड केलं तेही त्यांनी अहो म्हणूनच. तीच गोष्ट सांगायची आहे.

घाटाच्या एका गाडीवर गुलाबराव नावाचे ड्रायव्हर होते. उंच, भारी मिशा, हात एवढा सफाईदार की परतवाड्याची माणसं आधीची गाडी सोडून त्यांच्या गाडीची वाट पाहत. गुलाबराव अंबादेवीचे भक्त. त्यांनी स्टेअरिंगच्या वर देवीची तसबीर लावली होती आणि रोज तिला झेंडूचा हार घालत. उणीव एकच होती, तसबिरीपुढे दिवा नव्हता.

आणि स्टेअरिंगसमोरच्या पट्टीवर तो हवेचा लाल दिवा असून नसल्यासारखा होता. सकाळी हवा भरेपर्यंत पाच मिनिटं पेटायचा, मग दिवसभर अंधार. गुलाबरावांच्या मनात आलेला विचार साधा होता. एक दिवा फुकट जातो आहे आणि देवी काळोखात आहे. त्यांनी तो दिवा जागेवरून काढला, तसबिरीखाली बसवला, आणि त्याची तार अशा ठिकाणी जोडली की चावी फिरवली की दिवा लागे आणि गाडी बंद होईपर्यंत तेवत राही. लाल प्रकाशात देवीचं मुख फार सुंदर दिसे. मी स्वतः पाहिलं आहे. लोक चढताना हात जोडत. तिचं नावच ‘देवीची गाडी’ पडलं.

यात गुलाबरावांचा वाईट हेतू शोधू नका. मी त्या वेळी शोधला होता आणि मला तो सापडलाही होता.

महिन्याच्या तपासणीला ती गाडी मिस्त्रींकडे आली. ते नेहमीप्रमाणे बसले, हवा काढायला लागले. दिवा पहिल्यापासून पेटलेलाच. हवा संपली, पेटलेला. इंजिन लावलं, टाकी भरली, तरी पेटलेला. मी खिडकीतून पाहत होतो. ते बराच वेळ त्या दिव्याकडे बघत बसले. मग खाली वाकून तारेचा माग काढला आणि दिवा सोडवून पुन्हा त्याच्या जागी बसवला. स्टोअरकडे दुसऱ्या बल्बची आणि होल्डरची मागणी लिहिली : ‘देवीच्या तसबिरीसाठी, वेगळ्या तारेवर.’ आमच्या स्टोअरमधून साधा बल्ब यायला आठवडा लागे.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुलाबराव गाडीत चढले आणि तसेच खाली आले.

‘माझ्या देवीचा दिवा कोनं काढला?’

‘म्या काढला,’ मिस्त्री म्हणाले. ‘तो देवीचा नोहे गुलाबराव, टाकीचा होय. देवीसाठी दुसरा मांगवला. आठ दिवसांत लावून देतो.’

‘आठ दिवस माझी देवी अंधारात ठेवतं काय बे?’

‘हवेचा दिवा जागेवर नसला तं गाडी घाटात न्याची नाही.’

मग ते वाक्य आलं. गुलाबराव ओरडून म्हणाले, ‘तुमी देव सोडले ना? मंग आमचे काहून विझवून राह्यले?’

पाना हातात धरलेला माणूस पाना धरून उभा राहिला. मिस्त्रींच्या चेहऱ्यावरचं काही हललं नाही. ते एवढंच म्हणाले, ‘घाटात हवा गेली तं ते कोनाची जात इचारनार नाही.’

दुपारपर्यंत सगळे ड्रायव्हर एका बाजूला झाले. देवीचा दिवा पूर्ववत लावल्याशिवाय एकही गाडी हलणार नाही. मॅनेजरांनी मिस्त्रींना बोलावलं. मी तिथेच फायली लावत होतो.

‘अहो मिस्त्री, एका दिव्यापायी काय हे? लावून टाका ना. आठ दिवसांनी पुन्हा काढा.’

‘लावतो साहेब. तुमी लिहून द्या, हवेचा दिवा काढून गाडी घाटात धाडा म्हनून.’

मॅनेजरांनी टाकदौत बाजूला सारली. लिहून काही दिलं नाही. मिस्त्रींनी गाडी योग्य असल्याच्या कागदावर सही केली नाही. संध्याकाळी ते सस्पेंड झाले. कारण लिहिलं होतं : सहकाऱ्यांच्या भावना दुखावणे. दिवा तसबिरीखाली परत गेला आणि सहीची जागा दुसऱ्या कोणाच्या सहीने भरली.

माझं रक्त उसळलं. माझे वडील राजापेठेत एका छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवत. मी अक्षरं शिकलो तीच पत्रकांच्या चुकलेल्या प्रतींवर. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माझं पत्रक छापून तयार होतं. मथळा वितीएवढा : ‘धर्म बदलला म्हणून भाकरी काढून घेणार?’ स्टँडवर, बाजारात, बडनेऱ्याच्या रेल्वे चाळींपर्यंत मी ते वाटलं, आणि एक प्रत घेऊन मिस्त्रींच्या घरी गेलो. त्यांना आनंद होईल अशी माझी खात्री होती.

त्यांनी ते उजेडाकडे धरून सावकाश वाचलं. मग उलटून मागची बाजू पाहिली. ती कोरी होती.

‘बाबू, याच्यात टाकीचं कुठी हाय?’

‘टाकीचं?’

‘हवेचं. दिव्याचं. देवीची गाडी काहून धोक्याची हाय ते.’

‘मिस्त्री, लोकांना हवेच्या टाकीचं काय कळणार? मुद्दा अन्यायाचा आहे.’

‘अन्याय झाला, खरं हाय. तो मले बावन वर्सांपासून वळखते.’ त्यांनी पत्रकाची नीट घडी केली. ‘पन म्या घरी बसलो तरी ते गाडी आज गेली, उद्या जाईन. तिच्यात पन्नास मानसं बसते. त्याईले तू काय सांगतलं? का मिस्त्रीवर अन्याय झाला. त्याईच्यावर काय होऊन राह्यलं ते सांगतलंच नाही.’

मला राग आला. मी बरंच बोललो. हक्क, स्वाभिमान, संघर्ष असे शब्द माझ्याकडे तयार असत. त्यांची बायको चुलीपुढून म्हणाली, ‘पोराले चहा तं पिऊ द्या, मंग भांडा.’ मिस्त्री हसले. मी चहा प्यायलो. मुद्दा सोडला नाही.

पत्रकाने व्हायचं ते झालं. डेपोत दोन तट पडले. आता कोणी दिव्याबद्दल बोलतच नव्हतं. जो तो कोण कोणाच्या बाजूचा एवढंच मोजत होता.

आणि त्याच आठवड्यात मी खिडकीतून एक दृश्य पाहिलं. देवीची गाडी स्टँडवर लागली आहे, आणि धुतलेला पांढरा सदरा घातलेले मिस्त्री रांगेत उभं राहून तिकीट काढताहेत.

ते ड्रायव्हरच्या अगदी मागच्या सीटवर जाऊन बसले, मान थोडी वाकडी करून. तिथून हवेचा काटा दिसतो. चिखलदऱ्यापर्यंत ते त्या काट्याकडे पाहत गेले आणि परतीच्या खेपेला तसेच पाहत आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा.

‘हे काय चालवलंय तुम्ही?’ मी विचारलं.

‘दिवा नाही ना तिले,’ ते म्हणाले. ‘कोनी तं सांगाले पाह्यजे.’

चौथ्या दिवशी मी रजा टाकून त्यांच्याबरोबर गेलो. कबूल करतो, मला वाटत होतं की घाटात काहीतरी होईल. काटा पडेल, मिस्त्री ओरडतील, गाडी वाचेल, आणि मी दुसरं पत्रक लिहीन. काही झालं नाही. काटा एकदाही धोक्याच्या खुणेपर्यंत गेला नाही. गाडी उत्तम होती, गुलाबरावांचा हात उत्तम होता, तसबिरीखाली दिवा शांतपणे जळत होता.

घडलं ते वेगळंच. चार दिवस मानेमागे दोन डोळे घेऊन गाडी चालवणं सोपं नसतं. गुलाबराव आरशात पाहत. मिस्त्री काटा पाहत. मग गुलाबरावही काटा पाहू लागले. एका वळणावर काटा, वळण संपल्यावर काटा, ब्रेक दाबला की काटा. उतारावर एका आडव्या आलेल्या बैलगाडीला त्यांनी उशिरा पाहिलं. जोरात ब्रेक लागला, पुढच्या सीटवरच्या बाईची टोपली घरंगळली, सीताफळं पायांत पसरली. गाडी थांबली. गुलाबराव वळले. घामाने मिशा ओल्या झाल्या होत्या.

‘मिस्त्री, तुले हात जोडतो. म्या रस्ता पाहू का काटा पाहू?’

मिस्त्री वाकून सीताफळं गोळा करत होते. वर न पाहता म्हणाले, ‘रस्ताच पाहा गुलाबराव. तुमी रस्ता पाहावा म्हनून तं तो दिवा देल्ला कंपनीनं.’

मागून एक म्हातारी म्हणाली, ‘काय झालं व माय?’ गुलाबरावांनी गिअर टाकला. परतवाडा येईपर्यंत ते फक्त रस्ता पाहत होते. मला त्यांच्या मानेची शीर दिसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी निघायच्या आधी गुलाबरावांनी स्वतःच्या हाताने दिवा सोडवला आणि जुन्या जागी बसवला. तार जोडता येईना तेव्हा क्लीनरला म्हणाले, ‘जा बे, मिस्त्रीच्या घरी जा. म्हना गुलाबरावनं बलावलं.’ मिस्त्री आले आणि तार जोडून दिली. माफी गुलाबरावांनी मागितली नाही. मिस्त्रींना ती हवीही नव्हती.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण मॅनेजरांनी मला आत बोलावलं. त्यांच्या टेबलावर माझं पत्रक होतं, आणि त्याला टाचलेला वरच्या ऑफिसचा कागद.

‘मी हे आठ दिवसांत मिटवलं असतं,’ ते म्हणाले. ‘तुमच्या पत्रकानंतर मला वर उत्तर द्यावं लागलं. सस्पेन्शन रद्द झालं आहे. पण त्यांना इथे ठेवता येणार नाही. अकोल्याला बदली.’

ते खरं बोलत होते की स्वतःची भीती माझ्या माथी मारत होते, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. पत्रकातलं प्रत्येक वाक्य खरं होतं, असं मला आजही वाटतं. मागची बाजू कोरी होती, तेही खरं आहे.

जायच्या आदल्या दिवशी मिस्त्री देवीच्या गाडीत बसून काम करत होते. स्टोअरमधून एकदाचा बल्ब आला होता. ते तसबिरीखाली होल्डर बसवत होते. मला ते पाहवलं नाही.

‘मिस्त्री, तुम्ही बावीस प्रतिज्ञा घेतलेला माणूस. तुम्ही देवीला दिवा लावता?’

‘देवीले नाही लावून राह्यलो बाबू,’ दातांत धरलेली तार सोडून ते म्हणाले. ‘गुलाबरावले लावून राह्यलो. त्याले दिवा पाह्यजेच. म्या नाही देल्ला तं तो पुन्हा टाकीचाच नेईन.’

माझ्याकडच्या तयार शब्दांपैकी एकही तिथे बसत नव्हता.

अकोल्याला ते दोन वर्षं होते. छातीच्या दुखण्याने गेले. मला कळलं तेव्हा पंधरवडा उलटला होता. म्हणून मी त्यांना शेवटचं पाहिलं ते बदलीच्या दिवशीच.

त्या दिवशी अकोल्याच्या गाडीवर गुलाबराव होते. ही त्यांची लाइन नव्हती. ड्युटी बदलून घेतली म्हणे. एक ट्रंक, एक वळकटी, चुलीची भांडी बांधलेलं गाठोडं, मिस्त्री आणि त्यांची बायको. मी पोचवायला म्हणून बसलो. गुलाबरावांनी ट्रंक स्वतः टपावर चढवली. बायको खिडकीशी बसली, मिस्त्री तिच्या शेजारी. बडनेरा गेलं. दोन्ही बाजूंना कपाशी फुटली होती. मूर्तिजापूर यायच्या आत मिस्त्रींची मान खांद्यावर कलली. तोंड जरा उघडं पडलं. गाडी खड्ड्यातून गेली तरी जाग आली नाही.

अकोल्याच्या स्टँडवर गाडी लागली. माणसं उतरली. हमाल टपावर चढला आणि वरून ओरडू लागला, ट्रंक कोनाची, ट्रंक कोनाची. गुलाबरावांनी खिडकीतून मुंडी बाहेर काढली. ‘हळू बोल बे.’

बायकोने नवऱ्याच्या खांद्याला हात लावला. ‘उठा जी, आलं अकोला.’

‘राहू द्या वैनी,’ गुलाबराव म्हणाले. हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. ‘झोपू द्या मिस्त्रीले. गाडी सुटाले अजून टाइम हाय.’

त्यांनी इंजिन बंद केलं. मग आम्ही तिघं त्या रिकाम्या गाडीत, एका झोपलेल्या माणसाभोवती बसून राहिलो.